पिवळं दुपंखी विमान पुन्हा बांधताना खरा हिशेब किलोंचा

हैदराबादचं बेगमपेट विमानतळ आज भर शहरात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे हवाई दलाची प्राथमिक उड्डाण शाळा चालायची. तशीच दुसरी शाळा जोधपूरला होती. या दोन्ही ठिकाणी नवशिक्या वैमानिकाच्या हाती पहिल्यांदा जे विमान पडायचं, ते म्हणजे ‘टायगर मॉथ’. एकावर एक दोन पंख, मध्ये टेकू आणि तारांचं जाळं, वरून उघड्या दोन बैठका. पुढच्या बैठकीत शिकवणारा, मागच्या बैठकीत शिकणारा.

स्वातंत्र्यानंतर या विमानाची जागा बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेल्या ‘एचटी-२’ने घेतली. १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या त्या विमानाचे रचनाकार होते डॉ. विष्णू माधव घाटगे, मूळचे कोल्हापूर भागातले. म्हणजे टायगर मॉथला निरोप देण्यात एका मराठी माणसाचाच मोठा वाटा होता.

निरोप दिला तरी हे विमान संपलं नाही. भारतीय हवाई दलाने एक जुनं टायगर मॉथ ब्रिटनमधून दुरुस्त करून आणलं आणि २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनच्या आकाशात ते पुन्हा उडालं. तिकडे अमेरिका-कॅनडात हौशी मंडळी घरामागच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये याच विमानाची धाकटी, हलकी प्रतिकृती बांधतात. ही शोभेची प्रतिकृती नाही. दोन माणसं बसून खरोखर उडणारं विमान आहे.

लाकूड, कापड आणि तारांचं विमान घरी बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. पण ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांना विचारा. खरा हिशेब रुपया-डॉलरचा नसतो, किलोंचा असतो. पैशांचा हिशेब चुकला तर काम रखडतं. किलोंचा चुकला तर विमान पडतं.

मूळ विमान होतं तरी कसं?

ब्रिटनच्या डी हॅव्हिलँड कंपनीचं टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ रोजी. ते कंपनीच्या आधीच्या ‘मॉथ’ विमानावर बेतलेलं होतं. पण लष्करी प्रशिक्षणात एक अडचण होती. पुढच्या बैठकीच्या नेमकं वर वरचा पंख आणि त्याचे टेकू यायचे. पॅराशूट बांधलेल्या प्रशिक्षकाला संकटात उडी मारायची तर बाहेर पडायला वाट मिळेना. मग वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. पंख पुढे गेला तसा विमानाचा तोल बिघडला. तो परत जुळवण्यासाठी पंखांची टोकं मागे झुकवली. टायगर मॉथचे पंख किंचित मागे वळलेले दिसतात ते त्यामुळे. ऐट म्हणून नव्हे, हिशेब जुळवायचा म्हणून.

पंखांचा पसारा ८.९४ मीटर, लांबी ७.२९ मीटर. रिकाम्या विमानाचं वजन सुमारे ५०६ किलो, आणि माणसं-इंधन धरून जास्तीत जास्त ८२८ किलो. इंजिन ‘जिप्सी मेजर’, चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, १३० अश्वशक्तीचं. त्याचे सिलिंडर खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे नाक निमुळतं आणि वैमानिकाला पुढचं बरं दिसायचं. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध. तिथून इंधन आपोआप उताराने इंजिनात यायचं, पंपाची गरजच नाही. चाकांना ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी. ती गवतात रुतायची आणि विमान थांबायचं.

धड पोलादी नळ्यांचं, पंखांचा सांगाडा लाकडाचा, वरून सगळीकडे कापड. ब्रिटनसह ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड अशा देशांत मिळून जवळपास नऊ हजार विमानं बनली.

मग जुनंच का उडवू नये?

उडवतात की. पण ते सांभाळणं सोपं राहिलेलं नाही. जिप्सी मेजर इंजिन आता बनत नाही. लाकूड आणि सांधे ऐंशी वर्षांचे झालेत. काही भाग ठरावीक तासांनी किंवा वर्षांनी बदलावेच लागतात. त्यातला एक म्हणजे धडाच्या तळातून आडव्या जाणाऱ्या पोलादी सळ्या. डाव्या आणि उजव्या खालच्या पंखांचा ताण या सळ्या एकमेकांपर्यंत पोचवतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्या दिसतही नाहीत.

डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एक टायगर मॉथ समुद्रात कोसळलं. हवेतच त्याचे डावीकडचे पंख सुटले होते. वैमानिक आणि प्रवासी दोघेही गेले. तिथल्या सरकारी तपास यंत्रणेला दोन्ही सळ्या आट्यांच्या जागी तुटलेल्या आढळल्या. तिथे धातू थकून आधीपासून तडे गेलेले होते. आणि त्या सळ्या मूळ कारखान्याच्या नव्हत्या, नंतर कुणीतरी बनवलेल्या बदली भागांतल्या होत्या.

प्रतिकृती बांधणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. जुन्या विमानासारखं दिसणारं काहीतरी बनवणं आणि जुन्या विमानाइतकं भरवशाचं काहीतरी बनवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग, आकार, तारा या डोळ्यांना पटतात. सळीच्या आट्यात ताण कुठे साचतो ते डोळ्यांना दिसत नाही.

८० टक्के म्हणजे नेमकं किती?

टायगर मॉथच्या हलक्या प्रतिकृतींमध्ये फिशर फ्लाइंग प्रॉडक्ट्स या कंपनीचं ‘आर-८०’ हे मॉडेल ओळखीचं आहे. नावातच आकडा आहे. मूळ विमानाच्या ८० टक्के मापाचं, दोन आसनी, लाकडी. ज्यांना धड पोलादी नळ्यांचं हवं त्यांच्यासाठी तसाही प्रकार आहे. बांधणारा सुटे भाग आणि नकाशे विकत घेतो आणि जोडणी स्वतः करतो.

आता गणित पाहा. लांबी ८० टक्के केली की क्षेत्रफळ ८० टक्के होत नाही. ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के होतं. आणि आकारमान, पर्यायाने त्याच साहित्याचं वजन, आणखी एकदा ०.८ ने गुणलं की साधारण ५१ टक्क्यांवर येतं. मापात फक्त वीस टक्के कपात, पण वजन निम्म्यावर.

मूळ विमान रिकामं ५०६ किलो. त्याचे ५१ टक्के म्हणजे सुमारे २५९ किलो. आर-८० चं रिकामं वजन आहे सुमारे २५० किलो. म्हणजे कागदावरचं गणित आणि प्रत्यक्षातलं विमान यांचा मेळ बसतो. भरलेल्या विमानाची मर्यादा सुमारे ५२० किलो.

पंखांचंही तसंच. मूळ विमानाच्या चारही पंखांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मीटर. ८० टक्के मापात ते १४ चौरस मीटरच्या आसपास येतं. ८२८ किलोला २२ ने भागा, दर चौरस मीटरला साधारण ३७ किलो येतात. ५२० ला १४ ने भागा, पुन्हा तेच सदतीस. हा आकडा महत्त्वाचा, कारण किती कमी वेगाला विमान हवेत टिकणार, हे मुख्यतः याच्यावर ठरतं. पंखावरचा भार सारखा असेल तर धाकटं विमानही थोरल्याच्याच वेगाला उतरतं.

शक्तीचंही बघा. ८२८ किलोला १३० अश्वशक्ती, तर त्याच प्रमाणात ५२० किलोला सुमारे ८२. ऐंशी अश्वशक्तीचं आधुनिक इंजिन बरोबर या जागी बसतं.

माणूस ८० टक्के होत नाही

इथपर्यंत सगळं सुरळीत. अडचण सुरू होते ती माणसापाशी. विमान आटलं, वैमानिक आटला नाही. ८५ किलोचा माणूस मोठ्या विमानात ८५ किलोचा, छोट्यातही ८५ चाच. खांदे तेवढेच रुंद, गुडघे तेवढेच लांब.

त्यामुळे बैठकीची रुंदी ८० टक्के करून चालत नाही. धड तिथे थोडं फुगवावं लागतं, बैठक खाली घ्यावी लागते, काच थोडी मागे-पुढे करावी लागते. बाहेरून फोटोत विमान टायगर मॉथ वाटतं. आत माणूस बसला की मात्र डोकं आणि खांदे जरा जास्तच वर आलेले दिसतात. प्रतिकृती ओळखायची ही सोपी खूण.

वजनातही फरक पडतो. मूळ विमानाच्या ८२८ किलोंमध्ये दोन माणसं म्हणजे १७० किलो, साधारण पाचवा हिस्सा. ५२० किलोंमध्ये तेच १७० किलो जवळजवळ तिसरा हिस्सा होतात. कोण बसतं, कुठे बसतं, याचा परिणाम हलक्या विमानावर कितीतरी जास्त होतो.

वजनाचं खातं

दुकानाच्या वहीसारखं खातं मांडून पाहू. मर्यादा ५२० किलो. त्यातून रिकामं विमान २५० वजा. उरले २७०. दोन माणसं १७० वजा. उरले १००. पन्नास लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ३६ किलो. उरले ६४. वाटतं, चिक्कार झाले.

पण २५० किलो हा साधेपणाचा आकडा आहे. आज डांबरी धावपट्टीवर उतरायचं तर घसरपट्टी चालत नाही, शेपटीला चाक लागतं. चाकांना ब्रेक लागतात. पूर्वी कुणीतरी समोर उभं राहून हाताने पंखा फिरवायचा, आता स्टार्टर लागतो. स्टार्टर आला की बॅटरी आली. मग रेडिओ, अपघात झाला तर जागा कळवणारं यंत्र, बैठकीला जाड गादी, लाकडी डॅशबोर्डवर चकचकीत वार्निश. प्रत्येक वस्तू विकत घेताना वाटतं, दीड किलोने काय होतंय? तीस वस्तूंचे पंचेचाळीस किलो होतात.

आता खातं परत मांडा. २५० चे २९५ झाले तर हातात उरले फक्त १९ किलो. दोघांपैकी एकजण जरा अंगाने भरलेला निघाला की तेही संपले. मग एकतर पेट्रोल कमी भरा, नाहीतर एकट्याने उडा. दोन बैठकांचं विमान बांधलं आणि दुसरी बैठक रिकामी ठेवावी लागली, तर एवढी वर्षं कशासाठी घातली?

आपल्याकडच्या हवेचाही विचार करायला हवा. इंदूर आणि हैदराबाद दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. बेळगावचं सांबरा विमानतळ साडेसातशे मीटरवर. इंदूर-हैदराबादच्या उंचीवर ३८ अंशांचं ऊन असेल तर हवा प्रमाण मानलेल्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ होते. पंखांना धरायला हवा कमी, इंजिनला श्वास घ्यायलाही कमी. ८० अश्वशक्तीचे सत्तरच्या आसपास उरतात. थंड देशात चालून गेलेलं जास्तीचं वजन इथल्या मे महिन्यात चालत नाही.

इंजिन हलकं, म्हणून तोल सोपा?

जिप्सी मेजर हे ६ लिटरहून मोठं इंजिन, वजन १४० किलोच्या आसपास. हलक्या विमानांत सर्रास दिसणारं ऑस्ट्रियाचं ‘रोटॅक्स ९१२’ त्याच्या निम्म्यात बसतं. ८० अश्वशक्तीच्या प्रकाराची क्षमता सव्वा लिटरच्या आत. ते साडेपाच हजार फेऱ्यांनी फिरतं, पण पुढे गिअरबॉक्स असल्याने पंखा सुमारे २४०० फेऱ्यांनीच फिरतो. जुन्या जिप्सीचा पंखाही जवळपास त्याच वेगाने फिरायचा. गिअरबॉक्समुळे पंख्याचा आस इंजिनाच्या मध्यापेक्षा वर येतो, हे नाकाचा जुना आकार जपायला सोयीचं पडतं. फरक कानाला कळतो. जुन्याची धीमी धडधड यात नाही.

८० टक्के मापाच्या विमानाला हे वजन बरोबर जुळतं, कारण १४० चे ५१ टक्के म्हणजे ७० च्या आसपासच. पण कुणी पूर्ण मापाची हलकी प्रतिकृती करायला घेतली आणि नाकात हेच हलकं इंजिन ठेवलं, तर पुढचं वजन निम्म्यावर येतं आणि विमान शेपटीकडे जड होतं. मग इंजिन आणखी पुढे न्यावं लागतं आणि नाक लांबोडकं दिसतं. नाहीतर नुसतं शिसं भरून वजन वाढवावं लागतं, म्हणजे हलकं करण्याचा मूळ हेतूच बाद.

गुरुत्वमध्य मागे जाणं ही या सगळ्यातली सर्वांत धोक्याची चूक. थोडं नाकाकडे जड विमान सुस्त वाटतं, पण ऐकतं. शेपटीकडे जड झालेलं विमान वेग कमी झाला की नाक खाली घालायला तयार होत नाही, आणि गिरकीत सापडलं तर बाहेर येईल याची खात्री नसते.

एक उदाहरण घ्या. समजा रिकामं विमान २५० किलो. मुख्य चाकांवर मिळून २३० किलो आणि चार मीटर मागे शेपटीच्या चाकावर २० किलो. २० गुणिले ४ भागिले २५०, म्हणजे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या ३२ सेंटीमीटर मागे. आता शेपटीवर फक्त एक किलो वाढवा. २१ गुणिले ४ भागिले २५१. गुरुत्वमध्य साधारण दीड सेंटीमीटर मागे सरकला. तो परत जागेवर आणायला नाकात तीन किलोहून जास्त घालावे लागतात. शेपटीचा एक किलो असा चारच्या पुढे महाग पडतो. म्हणून अनुभवी बांधणारे शेपटीजवळ स्क्रूसुद्धा मोजून लावतात आणि बॅटरीची जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवतात. तोल पाहून ती मागे-पुढे करता येते.

लाकूड आणि सांधे

पंखाचे मुख्य भाग दोन. लांबीच्या दिशेने जाणारे दोन स्पार, म्हणजे घराच्या तुळयाच समजा. आणि त्यांना आडव्या बसणाऱ्या बरगड्या, ज्या पंखाला त्याचा बाक देतात. स्पारसाठी सिट्का स्प्रूस हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लाकूड वापरतात. सरळ धागा, गाठी कमी, वजनाच्या मानाने ताकद भरपूर.

एका फळीवर बरगडीचा आकार काढतात, कडेने लाकडी ठोकळे ठोकतात आणि त्या साच्यात बारीक पट्ट्या बसवून सांध्यांवर प्लायवूडचे छोटे तुकडे चिकटवतात. एक झाली की दुसरी, त्याच साच्यात. दुपंखी विमानाला चार पंख, त्यामुळे बरगड्या डझनांनी लागतात. काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे. आणि कंटाळा आला की हात घाई करतो.

सांधा चिकटवणाऱ्या पदार्थात मोठा बदल झालाय. जुन्या काळी दुधापासून बनणारं केसीन वापरायचे. ओल आणि बुरशी त्याला खायची. आता इपॉक्सी वापरतात. तरी प्रत्येक वेळी मिश्रण केलं की दोन तुकडे वेगळे चिकटवून ठेवायचे आणि वाळल्यावर तोडून बघायचे, ही जुनी पद्धत टिकून आहे. लाकूड फाटलं पाहिजे, सांधा सुटता कामा नये. सांधा सुटला तर त्या दिवशी केलेलं सगळं काम बाद.

लाकडातली ओल १० टक्क्यांच्या आसपास असावी लागते. गोव्यात किंवा बेळगावात पावसाळ्याचे चार महिने दारं-खिडक्या फुगून अडकतात, हे कुणाला सांगायला नको. तिथे उघड्या शेडमध्ये असं काम होणारच नाही, कोरडी बंद खोली लागेल.

कापड, इस्त्री आणि सुई-दोरा

मूळ विमानावर ताग्याचं लिनन असायचं. त्यावर ‘डोप’ नावाचं रसायन फासलं की कापड आकसून ढोलकीच्या चामड्यासारखं ताठ व्हायचं. आता पॉलिस्टर वापरतात. हे कापड चिकटवून त्यावर इस्त्री फिरवली की उष्णतेने आकसतं. पण इस्त्रीचं तापमान आधी तापमापकाने तपासून घ्यावं लागतं. १७५ अंश सेल्सियसच्या आसपास कापड पूर्ण ताणलं जातं. त्याच्या फार पुढे गेलं की आलेला ताण सुटायला लागतो. आणि ताण असमान पडला तर हलक्या सांगाड्याच्या बरगड्या वाकतात.

नुसतं चिकटवून भागत नाही. पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे कापड बरगडीपासून उचललं जातं. म्हणून लांब सुईने वरचं आणि खालचं कापड बरगडीसकट शिवून टाकतात. विमानाचा सर्वोच्च वेग जितका जास्त, तितके टाके जवळ-जवळ.

मग रंग. इथेही वहीच काढावी लागते. दोन्ही बाजू, धड आणि शेपूट धरून एकूण पृष्ठभाग साधारण चाळीस चौरस मीटर. रंगाचा एक जादा हात चौरस मीटरमागे पन्नास ग्रॅम वाळला तरी दोन किलो झाले. ‘अजून एक हात मारू, चकाकी येईल’ असं म्हणत तीन हात मारले तर सहा किलो. त्यातले शेपटीवरचे किती, ते आधीच्या हिशेबावरून कळेलच. मात्र चंदेरी थर वाचवता येत नाही. तो उन्हाच्या अतिनील किरणांपासून कापड वाचवतो.

तारा शोभेच्या नाहीत

दोन पंख, मधले टेकू आणि तिरक्या तारा मिळून एक पेटी तयार होते, रेल्वेच्या लोखंडी पुलासारखी. उडताना एक प्रकारच्या तारा ताण घेतात, जमिनीवर उभं असताना दुसऱ्या. म्हणूनच जुन्या काळी बारीक लाकडातही भक्कम पंख बनवता आले.

हलकं विमान म्हणजे नाजूक विमान, असा समज चुकीचा आहे. सर्वसाधारण गटातल्या लहान विमानाने स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसावा, असा प्रघात आहे. ५२० च्या ३.८ पट म्हणजे जवळपास दोन टन. त्यावर दीडपट सुरक्षा धरली की तीन टन. रचनाकार नमुन्याचे पंख उलटे ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात ते हेच तपासायला. बांधणाऱ्याने नकाशातली एखादी पट्टी ‘जरा जाड वाटते’ म्हणून बारीक केली किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा बोल्ट घातला, की ती चाचणी त्याच्या विमानाला लागू राहत नाही. वजन वाचवायची जागा रंग, गादी आणि डॅशबोर्डवर आहे. तारा, सळ्या आणि सांध्यांवर नाही.

परवानगीचं काय?

अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानांसाठी वेगळा गट आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं लागतं. त्याचे फोटो, नोंदी ठेवाव्या लागतात. तपासणी झाल्यावरही सुरुवातीचे तास, साधारणपणे २५ किंवा ४०, ठरवून दिलेल्या भागातच चाचणी उड्डाणं करावी लागतात. आणि बैठकीसमोर पाटी लावावी लागते की हे विमान नेहमीच्या प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. बसणाऱ्याला आधीच कळलेलं बरं.

भारतात ही वाट अरुंद आहे. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’त त्यांचं विमान लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली २०१७ मध्ये, उड्डाण चाचणीची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. ते विमान दुपंखी नव्हतं, प्रतिकृतीही नव्हती. पण घरी बांधलेल्या विमानाला इथे कागदावर किती वर्षं लागतात, याचा अंदाज त्यावरून येतो. इथे कुणाच्या मनात असेल तर आधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे सध्याचे नियम वाचावेत, लाकूड नंतर मागवावं. परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचं सदस्यत्व आधी घ्यावं. सांधे तपासायला अनुभवी माणूस तिथेच भेटतो.

वेळेचा अंदाजही प्रामाणिकपणे बांधावा. समजा एक हजार तास लागले आणि आठवड्याला दहा तास मिळाले, तर शंभर आठवडे झाले. म्हणजे एकही सुट्टी न घेता दोन वर्षं.

तराजूचा दिवस

सगळं झाल्यावर, पहिल्या उड्डाणाआधी, विमान तीन वजनकाट्यांवर उभं करतात. दोन चाकांखाली दोन, शेपटीखाली एक. शेपूट उचलून धड समतल करायचं, तेल भरलेलं, पेट्रोलची टाकी रिकामी. दार-खिडक्या बंद, कारण वाऱ्याची झुळूकही पंखांना उचलते आणि काटा खोटं बोलतो.

तीन आकडे येतात. त्यांची बेरीज म्हणजे रिकामं वजन, आणि मघाच्या गुणाकार-भागाकारातून गुरुत्वमध्य. मग तक्ता मांडतात. एकटा वैमानिक मागच्या बैठकीत, टाकी भरलेली. दोघं, टाकी अर्धी. जड माणूस मागे, हलका पुढे. प्रत्येक ओळ मर्यादेच्या आत यायला हवी. एकही ओळ बाहेर गेली तर तसं उडायचं नाही, असं त्याच तक्त्यावर लिहून विमानात ठेवायचं.

बेगमपेटला टायगर मॉथवर शिकलेल्या पोरांना हे विमान चुका लपवू द्यायचं नाही. वळताना पाय नीट चालला नाही तर लगेच घसरायचं. म्हणून तर ते प्रशिक्षणासाठी चांगलं. त्याची हलकी प्रतिकृती तोच धडा आणखी आधी, जमिनीवरच शिकवते. दोन वर्षांत मारलेला रंगाचा प्रत्येक जादा हात, बसवलेली प्रत्येक हौसेची वस्तू त्या तीन काट्यांवर उतरते. तिथे आकडा मर्यादेत आला, तरच पुढचा दिवस उड्डाणाचा.